कमरेएवढा कठडा

त्या हॉलमध्ये एक पिकअप उभी होती आणि तिच्या डाव्या बाजूचं उजव्या बाजूशी अजिबात जुळत नव्हतं. उजवीकडून बघितलं तर कुणाच्या तरी अंगावर धावून जायच्या बेतात असलेली गाडी. डावीकडून बघितलं तर आपण बरे, आपलं काम बरं, अशी गाडी. हा वेडेपणा नव्हता, तिथली रीतच होती. नवी गाडी ठरवताना आधी तिचा खऱ्या आकाराचा मातीचा नमुना करायचा, आणि दोन नमुन्यांचा पसारा नको म्हणून एकाच सांगाड्यावर डावीकडे एक कल्पना, उजवीकडे दुसरी. मग वरच्या लोकांनी येऊन एक बाजू निवडायची. हरलेली बाजू खरवडून टाकायची आणि तिथे जिंकलेल्या बाजूची हुबेहूब नक्कल करायची. ही नक्कल कुणी करायची? जो हरला त्यानंच. ज्यानं ही रीत काढली त्याच्यावर हरायची वेळ कधी आली नसणार.

डावी बाजू कानसची होती.

कानस हे तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. लोखंड घासायची कानस असते, तशी ही बोलायला लागली की समोरच्याची सालटं निघायची, म्हणून हॉलमधल्या कुणीतरी ठेवलेलं नाव. पन्नाशीला टेकलेली, रुंद खांद्यांची, बोटांना घट्टे पडलेली बाई. नावाचा तिला राग नव्हता. राग यायला तिच्याकडे दुसरी पुष्कळ कारणं होती.

आधी ती प्लास्टरच्या कारखान्यात छताला लावायची फुलं आणि वेलबुट्ट्या ओतायची. तिथे एकदा उस्ताद आला. उस्ताद म्हणजे मातीचे नमुने करणाऱ्यांमधला सगळ्यात जुना माणूस. त्यानं तिचा हात बघितला आणि म्हणाला, "फुलं काय करतेस? चल, गाड्या कर." ती गेली. ज्याला सगळे माती म्हणायचे ती खरी माती नव्हतीच. मेणासारखी तपकिरी वस्तू. भट्टीत ऊन केली की मऊ, गार झाली की कडक. सांगाड्यावर ती थापायची, यंत्रानं ढोबळ आकार कापायचा आणि मग माणसांनी पात्यांनी खरवडत, तळहातानं चाचपत तिची गाडी करायची. उस्तादानं तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की डोळा फसतो, तळहात फसत नाही. तेव्हापासून ती माणसांनासुद्धा तळहातानंच तपासते की काय, असं तिचे सोबती म्हणत.

आता थोडं तिच्या आईबद्दल, कारण सगळ्या भांडणाचं मूळ तिथे आहे.

आई रोपं विकायची. घरामागच्या जागेत कुंड्या भरायच्या, रोपं वाढवायची आणि भाड्याच्या पिकअपमधून ती बंगल्यांना, कचेऱ्यांना नेऊन द्यायची. आई ठेंगणी. पिकअपच्या हौद्याचा कठडा तिच्या छातीला लागायचा. भरलेली कुंडी छातीपर्यंत उचलायची, कठड्यावर टेकवायची, आणि पलीकडे कुणीतरी ती झेलायची. ते पलीकडचं कुणीतरी म्हणजे कानस. शाळेच्या आधी ती हौद्यात उभी राहायची, शाळा सुटल्यावर हौद्यात उभी राहायची. पुढे ती नोकरीला लागली आणि आईला पलीकडे कुणी उरलं नाही. म्हणून आई कुंडी कठड्यावरून ढकलून द्यायची, अर्ध्या फुटायच्या. मग एक दिवस कुंडीऐवजी आईचा खांदाच गेला. हात खांद्याच्या वर जाईना. धंदा अर्ध्यावर आला आणि तोंड दुप्पट सुटलं.

"ज्यानं ही गाडी बनवली ना," आई म्हणायची, "त्याच्या बायकोला एकदा यातून कांदे उतरवायला लावा."

"त्याची बायको कांदे उतरवत नाही, आई."

"तेच तर म्हणतेय मी."

तर अशा बाईच्या मुलीच्या वाट्याला ही नवी गाडी आली.

गाडी लहान नको, फार मोठीही नको, मधली हवी होती आणि ती जगभर विकायची होती. डिझाइनच्या साहेबानं भिंतीवर जगाचा नकाशा लावला होता. ती वाळवंटात चालली पाहिजे, बर्फात चालली पाहिजे, शेतात राबली पाहिजे आणि सुट्टीच्या दिवशी सहलीला नेली तर शेजाऱ्यांचा जळफळाट झाला पाहिजे. साहेब वाईट माणूस नव्हता. वाईट माणसाशी भांडणं सोपं असतं. हा हुशार होता, मेहनती होता आणि सगळ्यांशी गोड बोलायचा. उजवी बाजू त्याच्या चित्रावरून व्हायची होती आणि ती उस्तादाकडे होती. डावी बाजू ज्याच्या चित्रावरून व्हायची होती तो चित्रकार मध्येच दुसऱ्या कंपनीत निघून गेला. चित्र पोरकं झालं. साहेब म्हणाला, "ताई, तुम्ही जमेल तसं करा. स्पर्धेला दुसरी बाजू असली म्हणजे झालं."

जमेल तसं करा! कानसला असं कुणी सांगू नये.

घरी जाऊन तिनं आईला दाराच्या चौकटीला पाठ लावून उभं केलं.

"माप कशाला घेतेस? कपाटात ठेवणार आहेस का मला?"

"सरळ उभी राहा. पोट आत घेऊ नकोस."

आईच्या कमरेपाशी तिनं चौकटीवर खूण केली आणि त्या मापानं डाव्या बाजूच्या हौद्याचा कठडा उतरवला. पण नुसता कठडा खाली आणला की गाडी मागून बसकी दिसते, खचल्यासारखी. म्हणून मग दरवाजाखालची रेघ हलवावी लागली, चाकावरची कमान बदलावी लागली, मागचा दिवा सरकवावा लागला. महिनोन् महिने ती त्या बाजूशी झुंजत होती. आणि झाली बाई गाडी! ठेंगणी नव्हे, आटोपशीर दिसायला लागली. उस्ताद आपल्या बाजूचं काम सोडून आला, डोळे मिटून त्यानं कठड्यावरून पुढून मागे हात फिरवला आणि काही न बोलता परत गेला. उस्तादाची शाबासकी एवढीच असायची.

साहेब मात्र बोलला.

"ताई, हा कठडा वर घ्यावा लागेल. उंच कठडा म्हणजे ताकद. आम्ही किती देशांत लोकांना चित्रं दाखवली, सगळ्यांनी उंचच निवडली. लोक गाडी डोळ्यांनी विकत घेतात."

"आणि मग पाठीनं वापरतात," कानस म्हणाली.

"माल भरायला हल्ली मशिनं असतात."

"माझ्या आईकडे नाहीत."

"तुमच्या आई आपल्या ग्राहक नाहीत."

तो हे टाकून बोलला नाही. खरंच आपल्याला जे वाटतं ते समजावून सांगावं, तसा बोलला. म्हणून ते जास्त लागलं. कानसच्या हातातलं पातं थांबलं.

"कठडा वर जाणार नाही," ती म्हणाली.

"बरं," साहेब गोडपणानं म्हणाला. "मग राहू द्या तसाच. पाहुणे येतील तेव्हा डावी बाजू भिंतीकडे करू."

उजव्या बाजूवर चकचकीत पातळ फिल्म चढवली गेली, थेट रंगवलेल्या पत्र्यासारखी दिसणारी. डाव्या बाजूला फिल्म मिळाली नाही. ती तशीच उघडी, तपकिरी राहिली, आणि फिरत्या चकतीवर उभा असलेला तो सगळा डोलारा अर्धा फिरवून तिचं तोंड भिंतीकडे करून ठेवलं. शिक्षा झालेल्या पोरासारखं.

जेवणाच्या सुट्टीत उस्ताद तिच्या शेजारी येऊन बसला.

"पाण्यात राहून माशाशी वैर करू नये, पोरी."

"उस्ताद, तुम्ही हात फिरवलात ना त्याच्यावरून?"

"फिरवला."

"मग खरं सांगा. कोणती बाजू चांगली आहे?"

उस्तादानं डब्याचं झाकण लावलं, परत उघडलं. "निवडणारे आपण नाही," तो म्हणाला.

"निवडू देत त्यांना. पण बघून निवडू देत. न बघता हरायला मी तयार नाही."

पाहुणे आले. मुख्य कचेरीतल्या मोठ्या बाई आणि त्यांच्यामागे चौघे-पाचजण. कामगारांना धुतलेले ॲप्रन घालून भिंतीशी ओळीनं उभं केलं होतं. विचारल्याशिवाय बोलायचं नाही, अशी ताकीद होती. दिव्यांच्या झोतात उजवी बाजू अशी झळकत होती की बघत राहावं. उस्तादाचा हात होता तो, खोटं कशाला बोला? साहेब बोलत होता, बाई मान हलवत होत्या, बरोबरचे लोक बाईंकडे बघून माना हलवत होते.

चकती फिरवायचं बटण भट्टीशेजारच्या खांबावर होतं. कानस ओळीतून निघाली. घाईनं नाही, चोरून नाही. सरळ सगळ्यांसमोरून चालत गेली. "ताई," साहेब हळूच म्हणाला. मग जरा मोठ्यानं, "ताई!" तिनं बटण दाबलं.

चकती घरघरली. एवढं वजन, ती सावकाशच फिरणार. चकचकीत बाजू हळूहळू दूर गेली, गाडीचं तोंड समोरून गेलं आणि उघडी तपकिरी बाजू उजेडात आली. विचारल्याशिवाय बोलायचं नव्हतं, म्हणून कानस बोलली नाही. ती नुसती खांबाशी हाताची घडी घालून उभी राहिली.

"ही दुसरी कल्पना आहे," साहेब शेवटी म्हणाला. घाम पुसत म्हणाला, पण म्हणाला.

बाई जवळ गेल्या. वाकून दिवा बघितला, कमान बघितली. मग मागे वळून आपल्या माणसांशी किमतीचं काहीतरी बोलायला लागल्या आणि बोलता बोलता त्यांनी कठड्यावर कोपर टेकलं. कुंपणाशी उभं राहून शेजारणीशी बोलावं, तसं. उजव्या बाजूला हे झालंच नसतं; तिथे कोपर नाही, हनुवटी टेकली असती. बराच वेळ त्या तशाच टेकून उभ्या होत्या. भानावर आल्या तेव्हा दिव्यांच्या उष्णतेनं मऊ पडलेल्या मातीत कोपराचा खळगा पडला होता. "अरे, माफ करा," त्या म्हणाल्या आणि बाही झटकली.

आणि निवडली उजवी बाजू.

आता इथे गोष्ट सांगणाऱ्यानं काही चमत्कार करावा, असं वाचणाऱ्याला वाटत असेल. मलाही वाटतं. पण निवडली उजवीच. चित्रं, आकडे, किती देश, सगळं उजवीच्या बाजूचं होतं.

पाहुणे गेल्यावर साहेब आला. त्या दिवशी तो गोड बोलला नाही. "उद्यापासून डावी उतरवा आणि उजवीची नक्कल सुरू करा."

"उतरवते," कानस म्हणाली. "माझ्या हातचं दुसऱ्या कुणाला मोडू देणार नाही. पण नक्कल करणार नाही."

"हे काम आहे तुमचं."

"खरं आहे. ते तुमचं यंत्र करील, त्याला आई नाही."

दुसऱ्या दिवशी तिनं आपली बाजू खरवडून काढली, कमान, दरवाजा, दिवा, सगळी. रडली का? रडली. पातं चालवत रडली, लपवलं नाही. कठड्याचा खळगा पडलेला तुकडा तेवढा तिनं अखंड कापला आणि घरी नेला.

"हे काय?" आईनं विचारलं.

"मोठ्या बाईंचं कोपर."

"मी काय करू त्याचं?" म्हणत आईनं तो तुकडा दाराला अडसर म्हणून लावला. दार वाऱ्यानं आपटायचं, ते थांबलं.

कानसला काढून टाकलं नाही; तसा हात दुसरा मिळाला नसता. पण पातं काढून घेतलं आणि तिला भट्टीवर बसवलं. दुसऱ्यांसाठी माती ऊन करायची, टोपल्यात भरून द्यायची. नवशिक्याचं काम. नक्कल करायला तयार आहे एवढं म्हणाली असती तर पातं परत मिळालं असतं. साहेबानं दोनदा तसं सुचवलं. दोन्ही वेळा तिनं विचारलं, "माती किती देऊ?"

गाडी निघाली. खूप खपली, उगाच नाही कशाला म्हणायचं? आईला भाड्यानं गाडी देणाऱ्यानंही तीच घेतली. पहिल्यांदा ती दारात आली तेव्हा आई तिच्याभोवती फिरली. बादली उपडी घातली, तिच्यावर चढली आणि एकेक रोपटं कठड्यावरून आत ठेवलं. कुंड्या आता उचलवत नव्हत्या, लहान पिशव्यांतली रोपंच ती नेत असे.

"ही तुझी?" तिनं विचारलं.

"नाही. माझी हरली."

आई बादलीवरून उतरली. खाली उभं राहिल्यावर तिला त्या कठड्यापलीकडचं काही दिसत नव्हतं. "मग पुन्हा कर," ती म्हणाली. करपलेला पदार्थ पुन्हा करायला सांगावा, इतक्या सहज.

मग उस्ताद निवृत्त झाला. हॉलमध्ये नवा सांगाडा आला, पुढची पिकअप, पुन्हा जगभरासाठी. साहेबाचे केस आता पांढरे झाले होते. तो भट्टीपाशी आला आणि थोडा वेळ नुसता ऊब घेत उभा राहिला. त्याच्या हातात तिचं जुनं पातं होतं.

"कोणती बाजू घेता, ताई?"

"डावी."

"आणि कठडा?" त्यानं विचारलं. उत्तर ठाऊक असल्यासारखा तो जरासा हसला, आणि तळहात स्वतःच मागच्या खेपेच्या तिच्या कठड्याच्या उंचीवर धरून दाखवला. तेवढं चालवून घेईन, असं त्याला म्हणायचं असावं.

कानसनं पातं घेतलं, धारेवरून अंगठा फिरवला. मग तिनं साहेबाचा हात मनगटाला धरला आणि खाली नेला. मागच्या खेपेपेक्षाही खाली. आई आता वाकली होती.

"एवढा," ती म्हणाली.