डावा गाल

आमच्या फ्रिजमध्ये दह्याच्या भांड्याशेजारी दोन दगड असतात. एक हिरवा, दांडीवर फिरणारा, डांबरी रस्त्यावरच्या रोलरचं पिल्लू म्हणावं तसा. दुसरा चपटा, माशाच्या शेपटीसारखा कापलेला. दोन्ही सुनेचे. ती पुण्याची. कंपनीचं काम घरातूनच करते. सकाळी कॉम्प्युटर उघडायच्या आधी तोंडाला कसलंसं तेल लावून गॅलरीत बसते आणि ते गार दगड गालावरून कानाकडे, हनुवटीवरून वर, असे फिरवत राहते. सूज उतरते म्हणे. चेहरा उठून दिसतो म्हणे.

मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा म्हणालो, "काय गं, तोंडाचे पोचे काढतेस?"

"हो अप्पा. तुम्ही पितळेचे काढता, मी माझे काढते. माझं गिऱ्हाईक जास्त कटकटं आहे."

जीभ तिखट आहे तिची. मला आवडते, पण तसं तिला सांगितलेलं नाही.

माझा धंदा बँडच्या वाद्यांचा. चामराजपेटेत दुकान आहे. लग्नाच्या बँडवाल्यांची ट्रम्पेटं पडतात, चेपतात, वरातीत कुणाच्या तरी पायाखाली येतात. मी ती नीट करतो. नळीत लोखंडी गज घालायचा आणि बाहेरून गुळगुळीत दांडक्यानं घासत राहायचं. पितळ हळूहळू वर येतं. चौथीत शाळा सोडली ती याच कामासाठी, बेळगावात काकाच्या हाताखाली, आणि जवानीत इकडे, या कानडी शहरात आलो. स्वतः फुंकून पाहिल्याशिवाय मी कुठलंही वाद्य दुकानाबाहेर जाऊ देत नाही. पोचे कुणीही काढील. हवा कुठून चोरून जाते ते ओठांनाच कळतं.

मुलाचं म्हणणं, दुकान बंद करा. घर येलहंक्याला, तिथून चामराजपेट म्हणजे बसमध्येच अर्धा दिवस जातो, या वयात कशाला? मागच्या दिवाळीला सगळे जेवायला बसलेले असताना त्यानं व्याह्यांसमोर हा विषय काढला. माझा घास हातात राहिला. मी म्हणालो, "ज्या दिवशी मला फुंकता येणार नाही, त्या दिवशी कुलूप घालतो. तोवर परत बोलायचं नाही."

"शब्द?" मुलगा म्हणाला.

"शब्द."

व्याही हसले, सुनेनं बासुंदी वाढली, विषय मिटला.

उन्हाळा लागला त्या सुमारास एका सकाळी चहा सदऱ्यावर सांडला. ओठाच्या कोपऱ्यातून ओघळला होता, पण मला डाग दिसला तेव्हा कळलं. कप तिरका धरला असेल म्हटलं. त्याच दिवशी दुकानात एक बँडमास्तर ट्रम्पेट न्यायला आला. कन्नड माणूस, जुनं गिऱ्हाईक. मी ट्रम्पेट तोंडाला लावलं. सूर आला तो फाटका, आणि त्याच्या मागून फुस्स असा आवाज.

"अण्णा, स्वल्प गाळी होगताइदे," तो म्हणाला. थोडी हवा जातेय.

"माऊथपीस बिघडलंय तुझं. ठेवून जा."

त्यानं माऊथपीस काढून उजेडात धरलं, पुसलं, परत बसवलं आणि स्वतः फुंकलं. दुकान दणाणलं. शेजारचा फुलवाला डोकावून गेला. मास्तर माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मग "सरी अण्णा", बरं, एवढंच म्हणून ट्रम्पेट काखेत मारून निघून गेला. एरवी तो चहा घेतल्याशिवाय उठत नाही.

दुसऱ्या दिवशी सून आंघोळीला गेल्यावर मी फ्रिज उघडला. माझा विचार सरळ होता. चेपलेलं घासलं की वर येतं. पितळ येतं, मग माणूस का येणार नाही? आरशासमोर उभं राहून उजव्या गालावर दगड फिरवला. गारवा दाढेपर्यंत गेला. डाव्यावर फिरवला. काही नाही. नीट बघितलं, दगड गालावरच होता. कुणा परक्याच्या तोंडावर त्याला न विचारता दगड फिरवतोय असं वाटायला लागलं.

मग मी दाबून फिरवला. मऊ हातानं कधी पोचा निघत नाही. रोज सकाळी तिच्या आंघोळीची वाट बघायचो, बाथरूमची कडी वाजली की फ्रिजकडे जायचो, आणि पाणी थांबायच्या आत दगड पुसून दह्याशेजारी ठेवायचो. दुखत नव्हतं, म्हणून आणखी जोर करायचो.

एकदा बसमध्ये शेजारच्या माणसानं माझ्या गालासमोर हात हलवून माशी हाकलली. ती बसलीय हे मला ठाऊकच नव्हतं. दुकानात मी फुंकणं बंद केलं. "तूच वाजवून बघ," असं गिऱ्हाइकांना सांगायला लागलो. ते वाजवायचे आणि मी खाली मान घालून पितळ पुसत बसायचो.

रविवार होता. मी पेपर घेऊन बसलो होतो.

"अप्पा," सून गॅलरीतून आली, हातात हिरवा दगड. "माझ्या रोलरला पांढरी दाढी आलीये."

चाकाच्या फटीत माझ्या खुंटाचे केस अडकले होते. मुलगा सोफ्यावर लोळत होता, तो हसायला लागला. "काय अप्पा, ग्लो पाहिजे काय? कुठलं स्थळ आलंय?"

"तुझ्यापेक्षा चांगलं येईल," मी म्हणालो.

सून हसली नाही. ती माझ्या डाव्या गालाकडे बघत होती. तिथं निळसर पडलं होतं.

"हे काय लागलंय?"

"दाढी करताना."

"दाढी करताना निळं होतं?" ती जवळ आली, बोट उचललं आणि मागे घेतलं. "बसा इथे खुर्चीत. मी करून देते नीट. चोरून कशाला?"

नको म्हटलं असतं तर संशय आला असता, म्हणून बसलो. तिनं डोळ्यांवर ओला पंचा ठेवला. मुलगा आत आंघोळीला गेला. जवळच्या हवाई तळावरून उडालेलं एक विमान डोक्यावरून गेलं, काचा थरथरल्या, मग शांत झालं.

"गार लागतंय?"

"लागतंय की." उजव्या गालावर होतं, खरोखरच गार होतं.

"आता?"

"कपाळावर आहे. किती विचारतेस?"

"आता डावीकडे घेते हं. लागतंय?"

"लागतंय."

"कसं?"

"बर्फ आहे नुसता."

मी वाट बघितली. आतून पाण्याचा आवाज येत होता. बराच वेळ झाला तरी ती बोलेना तेव्हा मी पंचा ओढून काढला. दोन्ही दगड समोरच्या स्टीलच्या ताटलीत होते. तिचे हात मांडीवर.

"मी अजून लावलाच नाहीये, अप्पा," ती म्हणाली.

"त्याला सांगू नकोस."

"अप्पा..."

"दुकानात दोन ट्रम्पेटं पडलीत. ती देतो आणि मग जातो डॉक्टरकडे. तुला सांगतोय मी."

ती उठली, बाथरूमच्या दारावर थाप मारली. "अरे, लवकर बाहेर ये. गाडी काढ."

हॉस्पिटलात रविवारच्या ड्यूटीवरचा डॉक्टर तरुण होता, कन्नड बोलणारा. मुलगा मला मराठीत समजावायला लागला. अरे, तुझ्या जन्माच्या आधीपासून मी या गावात कन्नड बोलतोय. डॉक्टरनं टाचणीनं दोन्ही गाल टोचले. भुवया उचलायला सांगितल्या. कधीपासून, म्हणाला. मी म्हटलं, काल-परवापासून. सून म्हणाली, "नाही डॉक्टर. जास्त."

मग तो म्हणाला, "अज्जा, गाल फुगवा. हवा तोंडात धरून ठेवा."

मी उभा राहिलो.

"बसूनच करा, अज्जा."

बसून मी कधी फुंकलेलं नाही. पाय रोवले, छाती भरून घेतली, ओठ मिटले. उजवा गाल टरारला. डावीकडून हवा निघून गेली. आवाज बारीकसाच झाला, पण खोलीत दुसरा आवाज नव्हता.

"परत," मी म्हणालो. त्यानं सांगितलं नव्हतं. परत भरली, परत गेली. तिसऱ्यांदा भरणार तर त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवून मला खाली बसवलं. पुढचं तो मुलाशीच बोलला. डोक्याचा फोटो काढायचा. आजच्या आज, घरी न जाता.

बाहेर बाकावर बसलो. सून खिडकीपाशी कागद भरत होती. मुलगा माझ्या शेजारी. आता तो दिवाळीतला शब्द काढणार, हे मी धरून चाललो होतो. माझं उत्तर तयार होतं. डॉक्टरसमोर गाल फुगवणं आणि ट्रम्पेट फुंकणं यात फरक आहे, ट्रम्पेट आणून दे, मग बोल. मनात सगळी वाक्यं लावून ठेवली होती.

त्यानं खिशातून रुमाल काढला आणि माझ्या ओठाचा डावा कोपरा पुसला. ओला होता म्हणे.

शेवटी मीच म्हणालो, "दुकानाचं काय?"

"चालू दे की, अप्पा," तो म्हणाला. "तुमचंच आहे ते. पाहिजे तितकी वर्षं चालवा."

इतक्या मऊ आवाजात तो माझ्याशी कधी बोललेला नाही. मी त्याच्या तोंडाकडे बघितलं. तो समोरच्या बंद दाराकडे बघत होता, रुमाल हातात आवळून धरून.