गिझरवाल्याच्या घरचं गरम पाणी

तुझ्याकडे एवढे किस्से साठतात तरी कसे, असं मित्र विचारतात. साठवावे लागत नाहीत हो! दिवाळी संपली, पहाटे अंगावर काटा यायला लागला, की माणसं आपापल्या बाथरूमची कुंडली घेऊन आपणहून दुकानात येतात. गिझर घेताना माणूस घरातलं जेवढं बोलतो तेवढं लग्न जुळवतानाही बोलत नसेल.

दुकान माझ्या मामांचं, उस्मानपुऱ्यात. मी काउंटर सांभाळतो, सलीमभाई फिटिंग करतात आणि मामा सल्ला देतात. सल्ला फुकट असतो, पण तो ऐकल्याशिवाय सुटका नसते. नळाला धार कशी आहे, बाथरूमला खिडकी कुठं आहे, गच्चीवर ऊन कधी येतं, हे सगळं सांगितल्याशिवाय मामा गिझरचं खोकंसुद्धा उघडत नाहीत. त्यांनी सांगितलेला गिझर आजवर कुणी परत आणलेला नाही, हे मात्र कबूल करायला हवं.

आणि अशा या मामांच्या घरी गिझर नाही.

सोलर घ्यावा तर शेजारच्या इमारतीची सावली पडते. इन्स्टंट घ्यावा तर नळाला जोर नाही. स्टोरेजला वीज जास्त. गॅसचं तर नावच नको. प्रत्येकातली खोट मामांना ठाऊक, त्यामुळे घरात एकही बसत नाही. तोवर मामी बादलीत रॉड टाकून पाणी तापवतात. आधी आजीची बादली, मग दोन्ही पोरांची, मग मामांची. त्यांची स्वतःची पाळी येईपर्यंत डब्यांची घाई सुरू होते, म्हणून त्या थंड पाण्यानंच उरकतात. मागच्या हिवाळ्यात त्यांना रॉडचा झटका बसला. तेव्हापासून बटण दाबताना त्या पायाखाली लाकडी पाट घेतात. मला ते बघवत नाही. मामांना म्हटलं तर ते म्हणतात, "घाईत घेतलेला गिझर जन्मभर छळतो."

*

बजाजनगरचे एक गृहस्थ आमचं न ऐकता दुसरीकडून सोलर बसवून आले. टाकी गच्चीवर, हे राहायला तळमजल्यावर. काही दिवसांनी साधा नळ न्यायला आले तेव्हा मामांनी मुद्दाम विचारलं, "येतं का गरम पाणी?"

"येतं की. पण वरून खाली यायला लई वेळ लागतो. तोवर बादलीभर गारच येतं."

"मग ते ओतून द्यायचं."

"ओतून? नळाला पाणी आठवड्यानं येतंय मालक. भरलेली बादली ओतायला जीव होत नाय."

"मग करता काय?"

"त्यानंच आंघोळ करतो न् ड्युटीला जातो."

सोलर मात्र एक नंबर चालतो, हे त्यांनी जाताना आवर्जून सांगितलं.

*

एक निवृत्त प्राध्यापक आले. चारी प्रकारांचा अभ्यास करून आलेले. "गॅस गिझरच सगळ्यात स्वस्त पडतो, तोच द्या," म्हणाले.

"बाथरूमला खिडकी आहे ना सर?"

"होती. डास यायचे म्हणून बुजवून घेतली."

"मग गिझर बाहेर पॅसेजमध्ये लावू."

"छे, पॅसेजची शोभा जाते."

मामांनी शांतपणे पाण्याचा घोट घेतला. "बंद बाथरूममध्ये गॅस गिझर खरंच स्वस्त पडतो सर. दुसरा घ्यायची वेळच येत नाही."

सर रागावून गेले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मिसेस एकट्याच आल्या. म्हणाल्या, "खिडकी फोडायला माणूस लावलाय, आणि विजेचाच गिझर द्या. सरांची पेन्शन मला अजून बरीच वर्षं पाहिजे."

*

दौलताबादचे एक पेरूवाले बागायतदार गिझरची तक्रार घेऊन आले. पाणी तापतच नाही म्हणे. सलीमभाई त्यांच्या घरी गेले, गिझर उघडला, तर आतून पांढऱ्या खरपुड्यांचा ढीग निघाला. बोरचं पाणी इतकं जड की गिझर त्या थरालाच तापवत बसला होता.

सलीमभाई म्हणाले, "चाचा, इतक्या क्षारात कोणताच गिझर टिकणार नाही."

चाचांचं लक्ष ढिगाकडे. एक खरपुडी बोटांत चुरून बघितली आणि म्हणाले, "गिझरचं ऱ्हाऊ द्या. ह्ये चुन्यागत पेरूच्या खोडाला लावायला चालंल का?"

त्यानंतर ते दर सहा महिन्यांनी गिझर साफ करायला बोलावतात. आमच्या सगळ्या गिऱ्हाइकांत गिझरची एवढी काळजी घेणारा दुसरा माणूस नाही. ढीग कमी निघाला तर मात्र नाराज होतात.

*

यंदाच्या थंडीत एका दुपारी मामी दुकानात आल्या. हातात पिशवी. काउंटरच्या आत न येता समोरच्या खुर्चीवर बसल्या, जिथं गिऱ्हाईक बसतं तिथं.

मामा म्हणाले, "काय गं, इकडं कुठं?"

"गिझर घ्यायचाय."

"अगं, घरी बोलू ना."

"घरी लई बोलून झालं. इथं सगळ्यांना विचारता तसं मलाबी विचारा."

दुकानात दोन गिऱ्हाइकं बसलेली. मामांना नाही म्हणता येईना. ते इकडं तिकडं बघू लागले, तेव्हा सलीमभाईंनीच सुरुवात केली. "भाभी, घरात अंघोळीला माणसं किती?"

मामी तोंड उघडणार तोच मामा सवयीनं बोलून गेले, "चार."

मी मनात मोजलं. आजी, दोन पोरं, मामा. सलीमभाईंनीही मोजलं असणार, कारण ते एकदम शेल्फकडे तोंड करून उभे राहिले. मला मामींकडे बघायची लाज वाटली.

मामा आपल्याच तंद्रीत. "चार माणसं, बादलीनं अंघोळ, एकामागोमाग एक. पंधरा लिटरचा बास. एकदा तापला की चौघांचं भागतं, पुन्हा वीज जाळायची गरज नाही."

सलीमभाई हळूच म्हणाले, "भाभी, पच्चीस लिटर का दिखाऊं क्या?"

"नको भाऊ," मामी म्हणाल्या. "ह्यांचा हिशोब कधी चुकत नाय. चार माणसांचाच द्या. आन् आजच बसवा. उद्या पहाटं पहिली आंघोळ मीच करून बघते."

संध्याकाळी सलीमभाईंनी गिझर बसवला.

दुसऱ्या दिवशी मामा दुकानात आले ते कानटोपी घालून, शिंकत. आल्या आल्या त्यांनी चहा मागवला आणि कप दोन्ही हातांत धरून बसले.

सलीमभाईंनी विचारलं, "मालक, गिझर कैसा है?"

मामांनी नाक पुसलं.

"चांगला आहे. चार माणसांना बरोबर पुरतो."