रापणीच्या दोरीला लावलेला हात

जागा सरकारची, मुलं बाल न्याय मंडळाची आणि शाळा आमच्या संस्थेची, असा तो मालवणातला आमचा संसार. "चोराचिलटांना कसली शाळा, बाई?" असं लोक बाजारात तोंडावर विचारायचे. मी तशी तापट. "तुमच्या घरात शिरण्यापेक्षा गणितं केलेली बरी ना?" म्हणायची आणि पुढे चालू लागायची.

मुलांना ठेवलं होतं त्या निरीक्षणगृहाच्या अधीक्षकांची अट होती, एक जरी मूल पळालं तर शाळा बंद. माझ्याही दोन अटी होत्या. शाळेच्या वेळात वर्गाला कुलूप नाही, आणि शनिवारी मुलांना घेऊन मी समुद्रावर जाणार, पोलिसांशिवाय. कुलपाआड बसून कुणी शिकतं का? साहेबांनी नाक मुरडत मान्य केलं.

असाच एक शनिवार. परत निघताना डोकी मोजली तर एक कमी. होडीचं इंजिन चोरल्याच्या प्रकरणात आलेला पोरगा, नेमका तोच. जळ्ळं मेलं नशीब! बाकीच्यांना मदतनीस बाईंबरोबर पाठवून दिलं आणि मी वाळूतून धावत सुटले.

किनाऱ्याच्या पार टोकाला रापण ओढणं चाललं होतं. होडीने समुद्रात गोल टाकलेलं भलंमोठं जाळं दोन्हीकडून दोऱ्या धरून किनाऱ्यावर खेचतात. येणाऱ्याजाणाऱ्याने हात लावला तर त्यालाही मासळीचा वाटा देतात. त्या दोरीला आमचा पोरगा!

"मेल्या, खंय होतंस? चल आधी!" मी ओरडले.

"कसो येतलंय, बाई? दोरयेक हात लायलो की रापण भायर येईसर सोडूचो नसता."

राग तर असा आला होता! पण पोरगं खरं बोलत होतं, जाळं बाहेर येईपर्यंत दोरी सोडायची नसते. मी पदर खोचला आणि त्याच्यामागे दोरी धरली.

निरीक्षणगृहाशी पोचलो तर फाटकात पोलिसांची जीप. पोराच्या सदऱ्याच्या ओच्यात वाट्याचे बांगडे.

"एक पळाला, बाई. आपलं काय ठरलं होतं?" साहेब म्हणाले.

"पळालेला बांगडे घेऊन परत येतो का, साहेब?"

हवालदार हसला. साहेब नाही हसले. "ह्यापुढे मुलं बाहेर जाणार नाहीत."

पोराचा चेहराच उतरला. "बाई, शनवारी माका न्हेशात मां?" तो हळूच म्हणाला. आतल्या खिडकीशी बाकीची पोरं कान देऊन उभी होती.

"नेणार. सगळ्यांना नेणार." मी साहेबांकडे वळले. "शाळा बंद करायची तर आत्ता, ह्या पोरांसमोर करा. चालू ठेवायची असेल तर शनिवारी आम्ही समुद्रावर जाणार."

साहेब खिडकीतल्या पोरांकडे वळले. मग हवालदाराला म्हणाले, "जीप घेऊन जा परत."