कमिट करण्याआधी

आमच्या ऑफिसात किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही, ते साचत जातात. साताऱ्यात एका मेडिकलच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर आमची छोटी सॉफ्टवेअर कंपनी आहे. दूध संघ, शाळा, दवाखाने यांची कामं आम्ही सांभाळतो. बाहेरच्यांना वाटतं, खुर्चीत बसून बटणं दाबायची, त्यात काय घडणार? पण एका टेबलातली, म्हणजे कॉम्प्युटरमधल्या तक्त्यातली, माहिती बघून दुसऱ्या टेबलातल्या ओळी बदलायच्या, आणि त्याही फक्त ज्या बदलायला हव्यात तेवढ्याच, एवढ्या एका कामापायी आमचा जीव कितीदा टांगणीला लागलाय ते आमचं आम्हालाच माहीत.

आम्ही चौघं. वैशाली मॅडम प्रमुख, लोणंदच्या. संभाजीराव पाटणचे, सैन्यात सिग्नल विभागात, म्हणजे संदेशवहनात, होते, निवृत्त झाल्यावर हे काम शिकले. निखिल सांगलीचा, वयानं सगळ्यात लहान आणि डोक्यानं सगळ्यात तेज. आणि मी, सुजाता.

तर पहिला मान म्हशींचा.

एका दूध संघाकडं दोन टेबलं होती. एकात सभासदांची सगळी जनावरं, प्रत्येकाच्या कानातल्या बिल्ल्याच्या नंबरासह. दुसऱ्यात विम्यासाठी कळवलेली मेलेली जनावरं. दुसऱ्यात जे जनावर असेल, त्याच्यापुढं पहिल्यात 'मृत' लिहायचं, एवढंच काम. संभाजीरावांनी दोन टेबलं जोडली, पण बिल्ल्याच्या नंबरावर जोडायच्या ऐवजी मालकाच्या नावावर. म्हणजे ज्याचं एक वासरू गेलं होतं, त्याचा अख्खा गोठाच गेला. वर सिस्टिमनं सगळ्यांना मेसेजही धाडले.

पहिला फोन कडेगावकडून आला.

"आवं सायब, माझी म्हस मेली म्हणून मेसेज आलाय."

"वाईट झालं," संभाजीराव म्हणाले.

"वाईट कशाचं? ती हितं माझ्या म्होरं कडबा खातीया."

मग फोन थांबेचनात. एका बाईंनी तर भीत भीत विचारलं की हा आजार शेजारच्या गोठ्यातून आलाय का. त्यांच्या आवाजानं आम्हाला हसूही येईना. बॅकअप शोधला, जनावरं एकेक करून जिवंत केली. शेवटचा फोन ठेवून संभाजीरावांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "फौजेत होतो, बॉर्डरवर राहिलो. पण एवढी कत्तल माझ्या हातनं कधी झाली नव्हती."

निखिल नवीन होता तेव्हाची गोष्ट. एका शिष्यवृत्ती परीक्षेचं काम आमच्याकडं होतं आणि परीक्षा दुसऱ्या दिवशी. काही शाळांचं परीक्षा केंद्र ऐनवेळी बदललं होतं. बदललेल्या केंद्रांचं वेगळं टेबल आलं. त्यात बघून मुलांच्या टेबलात नवं केंद्र भरायचं होतं. निखिलनं अपडेट, म्हणजे ओळी बदलायचा हुकूम, लिहिला, चालवला, आणि आता फक्त 'कमिट' म्हणायचं राहिलं. कमिट म्हटलं की बदल कायमचा.

मॅडम चहाचा कप घेऊन त्याच्या मागून चालल्या होत्या. स्क्रीनकडं बघून थांबल्या.

"किती ओळी बदलल्या?"

"सगळ्या, मॅडम."

"सगळ्या शाळांचं केंद्र बदललंय का?"

"नाही. थोड्याच शाळांचं."

"मग बाकीच्या मुलांना तू काय दिलंस?"

निखिलनं एका मुलाची ओळ उघडून बघितली. केंद्राच्या जागी काहीच नव्हतं. नव्या टेबलात ज्यांची शाळा नव्हती, त्यांचं जुनं केंद्रही पुसलं गेलं होतं. जिल्हाभरातली मुलं सकाळी पॅड आणि पेन घेऊन निघाली असती, पण कुठं जायचं ते कुणालाच कळलं नसतं.

"हात वर घे," मॅडम हळूच म्हणाल्या.

त्यानं पोलिसांनी पकडल्यासारखे दोन्ही हात वर केले. मॅडमनी वाकून स्वतः रोलबॅक टाइप केलं. ओळी परत होत्या तशा झाल्या. चहा गार झाला होता, तो त्यांनी तसाच पिऊन टाकला. त्या दिवसापासून ऑफिसात नियम झाला. अपडेट चालवण्याआधी कंडिशन, म्हणजे कुठल्या ओळी बदलायच्या त्याची अट, मराठीत मोठ्यानं वाचायची. दुसऱ्या कुणीतरी ऐकायची.

त्या नियमानं एकदा आमची तोंडं पांढरी पडली. सांगलीकडच्या एका दवाखान्यानं प्रयोगशाळेचं जुनं टेबल नव्या सॉफ्टवेअरला जोडायला घेतलं होतं. पेशंटपुढं रक्तगट भरायचा. कंडिशन त्यांच्याच ऑपरेटरनं लिहिली आणि एकदा बघा म्हणून आमच्याकडं पाठवली. मी वाचली, "नाव सारखं आणि गाव सारखं असेल, तर तिथला रक्तगट इथं लिही."

निखिल म्हणाला, "थांबा. आमच्या गल्लीतच दोन अनिता जाधव आहेत."

मॅडमनी लगेच फोन लावला. ऑपरेटर म्हणाला, "मॅडम, ते तर मी सकाळीच चालवलं. तुम्हाला नुसतं माहितीसाठी पाठवलं."

"आत्ता ऑपरेशन कुणाचं चाललंय?"

"एक बाई हायत आत. सिझेरियन."

मॅडम उभ्या राहिल्या. फोन एकाकडून दुसऱ्याकडं गेला. पलीकडं ट्रॉलीची चाकं वाजत होती. आम्ही तिघं त्यांच्या तोंडाकडं बघत होतो. शेवटी एक सिस्टर फोनवर आल्या. मॅडमनी एका दमात सगळं सांगितलं.

सिस्टर म्हणाल्या, "बाई, बाटली लावायच्या आधी आमी दर खेपेला रक्त जुळवून बघतो. तुमच्या कॉम्प्युटरच्या भरवशावर कुणाला रक्त देत न्हाई."

आमच्या कामाला कुणी नावं ठेवली की मॅडम एरवी अर्धा तास भांडतात. त्या दिवशी खाली बसत एवढंच म्हणाल्या, "फार चांगलं करता."

पाटणकडच्या स्कूलबसची गोष्ट संभाजीराव अजून सांगत नाहीत, म्हणून मी सांगते. चढाला एक बस बंद पडली. तिच्यातली मुलं मागून आलेल्या बसमध्ये बसवली. शाळेनं कळवल्यावर संभाजीरावांनी अपडेट केला. पहिल्या बसच्या सगळ्या मुलांच्या नावांपुढं दुसऱ्या बसचा नंबर आला. ती दुसरी बस थांब्यावर पोचल्या पोचल्या आईबापांना मेसेज गेले, 'आपला पाल्य उतरला आहे.'

थोड्या वेळानं एका आईचा फोन आला. "पोरं उतरली म्हणताय. मी थांब्यावर हुबी हाय. पोरं कुठं हायत?"

दुसऱ्या बसमध्ये कोण खरोखर चढलं, त्याचं टेबल वेगळं होतं. ते यात जोडलंच नव्हतं. संभाजीरावांनी बाईंना एका फोनवर धरून ठेवलं आणि दुसऱ्यावरून ड्रायव्हरला लावायला लागले. रेंज नव्हती. ती बाई रडली नाही, ओरडलीही नाही. नुसता श्वास ऐकू येत होता. संभाजीराव मधेमधे म्हणत होते, "ताई, मी हाय. फोन ठेवू नका."

ड्रायव्हर लागला. बाईंच्या दोन्ही पोरांना बस बंद पडली तिथंच त्यांचा मामा भेटला होता, शाळेला विचारून तोच गाडीवरून घेऊन गेला होता. बाईंना न सांगता थेट आपल्या घरी. पोरं तिथं जेवत बसली होती.

"बरं," ती बाई म्हणाली. मग म्हणाली, "दादा, मला मेसेज नगं. डायवरचा नंबर द्या."

आणि आता सांगलीच्या पाण्याचं.

एका पावसाळ्यात सांगलीत नदी चढायला लागली, तेव्हा निखिलच्या ओळखीच्या एका मंडळाला आम्ही मदत केली. मंडळाकडं मोजक्या बोटी होत्या. मागच्या पुरानंतर त्यांच्या कार्यकर्त्यांनी नदीकाठच्या प्रत्येक घराच्या जोत्याची उंची मोजून ठेवली होती. ते एक टेबल. कुठल्या भागात पाणी कुठवर चढणार, याचा अंदाज येत होता, ते दुसरं. कंडिशन सोपी होती. पाणी जोत्याच्या वर जाणार असेल, तर त्या घरापुढं 'हलवा' लिहायचं. बोट त्याच घराकडं जाणार.

निखिलनं कंडिशन वाचली, अपडेट चालवला आणि यादी बघत बसला. त्याच्या शेजारच्या काकूंचं घर यादीत होतं. त्याचं नव्हतं. वडिलांनी जोतं उंच बांधलं होतं. अंदाजापेक्षा वीतभर उंच. घरात दोघंच, वडील आणि गुडघ्यानं अधू झालेली आई.

"मॅडम, कंडिशनमध्ये पाणी एक वीत वाढवून धरू?"

मॅडम म्हणाल्या, "वाढवून बघ. कमिट करू नको."

त्यानं वाढवली. अख्खी गल्ली यादीत आली, मागची गल्लीसुद्धा.

"एवढ्या बोटी आहेत का?"

त्यानं वीत काढून टाकली, कंडिशन होती तशी केली आणि कमिट केलं. मग घरी फोन लावला. लागला नाही. तिकडचं नेटवर्क गेलं होतं. तो दिवसभर लावत राहिला. संभाजीरावांनी डबा उघडून त्याच्यापुढं ठेवला, तो तसाच राहिला. काकूंच्या घरची माणसं बोटीनं सुखरूप आली, असं मंडळानं कळवलं. त्याच्या घराचं कुणाला काही माहीत नव्हतं.

पाणी त्यांच्या उंबऱ्याला लागून थांबलं. संध्याकाळी कुणाच्या तरी फोनवरून वडिलांचा आवाज आला, तेव्हा निखिल टेबलावर डोकं टेकून बसला.

पूर ओसरल्यावर आम्ही सगळे त्याच्या अंगणातला चिखल काढायला गेलो. शेजारच्या काकू चहा घेऊन आल्या.

"निखिल, तुझ्या बाबांना काय सांगायचं रं? बोट आमच्या दारात आली, तवा मी म्हनलं, भावजी, वैनींना घिऊन बसा, दोघांपुरती जागा हाय. तर म्हनले, 'यादीत आमचं नाव न्हाई. यादी आमच्या निखिलनं केलीया. त्यात नाव न्हाई, म्हंजे पाणी आत येत न्हाई. ती जागा दुसऱ्या कुनाला द्या.'"

निखिल हातात खराटा धरून वडिलांकडं बघत राहिला. ते पायरीवरचा गाळ फावड्यानं खरवडत होते. मान वर न करता म्हणाले,

"मग? चुकली व्हती का यादी?"