कस्टममामांनी पास केलेली बॅग

कस्टममामांना कुणी लाडू दिला तर तो सरळ तोंडात जात नसे. आधी ते तो तळहातावर तोलत, मग फोडून आत बघत, हुंगत, आणि ‘क्लिअर’ म्हणून मगच खात. माझ्या मावसबहिणीच्या लग्नात नवरदेवाच्या वडिलांनी आणलेला मिठाईचा पुडा त्यांनी भर मांडवात असाच तपासला. व्याही संध्याकाळपर्यंत गाल फुगवून बसले होते. “अवं, संशय तुमच्यावर न्हाई, पुड्यावर हाय,” अशी मामांनी त्यांची समजूत घातली, आणि ती ऐकून व्याह्यांनी चहासुद्धा घेतला नाही.

मामा म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ. मुंबईत कस्टम खात्यात तीस वर्षं शिपाई होते. निवृत्त होऊन कळमनुरीजवळच्या आमच्या गावी परतले ते अर्धं खातं डोक्यात घेऊन. ‘आमच्या खात्यात’ हे शब्द आल्याशिवाय त्यांचं वाक्य पुरं होत नसे. मग बोटीतून आलेली पावडर, खोट्या तळाच्या पेट्या, बुटाच्या टाचेतला माल, पोटात पुड्या गिळून आलेला इसम, अशी एकेक गोष्ट निघायची. गावात खवचट माणसांची कधीच टंचाई नव्हती. ते म्हणत, मामांनी तीस वर्षं साहेबांना चहा दिला, दुसरं काय केलं? यावर मामांचं उत्तर ठरलेलं असे. “चहा देताना कान बंद ठेवा, असा काय जीआर निघाला न्हाई अजून.”

तस्करीबद्दलचं त्यांचं एक मत मात्र मला अजूनही कुठल्याही अधिकाऱ्याच्या भाषणापेक्षा खरं वाटतं. ते म्हणत, “माल बॅगेत लपत न्हाई पोरी, भिडेत लपतो. तस्कराला काय लई अक्कल लागत न्हाई. त्याला फकस्त एक माणूस लागतो, ज्याला ‘न्हाई’ म्हणता येत न्हाई. ‘जाऊनच राहिलात तर एवढं न्या’ म्हणलं की झालं. अन् आपल्या जिल्ह्यात ते पीक बारमाही हाय.” कोणी परगावी निघालं की त्याच्या हाती काहीतरी पोहोचवायला देणं हा आपल्याकडे जन्मसिद्ध हक्क आहे. निघणाऱ्यानं नको म्हटलं तर तीन पिढ्यांचा घरोबा तुटतो. त्यामुळे मामांचं हे मत सगळ्यांना पटायचं आणि पाळत कुणीच नसे.

व्यसनमुक्तीच्या कार्यक्रमाला शाळेनं त्यांना तज्ज्ञ म्हणून एकदा बोलावलं होतं. अध्यक्षस्थानी गावचे एक मोठे पुढारी. राज्यात बंदी असलेला आणि शेजारच्या राज्यातून वेळेवर येणारा गुटखा त्यांच्या गालात होता, त्यामुळे अध्यक्षीय भाषणाआधी त्यांना दोनदा भिंतीपलीकडे जाऊन यावं लागलं. मामा मात्र रंगात आले. तस्कर कसा चालतो, कुठं बघतो, का हसतो, हे त्यांनी हातवारे करून दाखवलं. पोरं इतकी तल्लीन झाली की शेवटी हेडमास्तरच उठले आणि म्हणाले, “मामा, तुम्ही लेकरांना सावध करून राहिलात की धंदा शिकवून राहिलात?” मामांनी अध्यक्षांकडे बोट दाखवलं. “धंदा शिकायला मी कशाला पायजे, सर? गुरुजी वर बसलेत की.” त्यानंतर त्यांना शाळेचं आमंत्रण आलं नाही.

मला आखातातल्या एका देशात नर्सची नोकरी लागली तेव्हा घरात पहिल्यांदा पासपोर्ट आला. तीन वेळा परीक्षा देऊन मिळवलेली नोकरी होती ती. आमच्या बुद्धविहारात माझा सत्कार झाला, शाल मिळाली, आणि दुसऱ्या दिवसापासून दारात पुडे यायला लागले. कुणाच्या जावयाला चटणी, कुणाच्या पुतण्याला पापड, कुणाच्या नातवाला बाळगुटी, एकाला तर कुकरची रिंग. मी भिडेनं सगळं घेत होते. मामा आले, पुड्यांचा ढीग पाहिला आणि बाज ओढून दारातच बसले. त्यांच्या हातात पोती शिवायचं दाभण होतं. गावातले एक ठेकेदार कापडात शिवलेलं पुडकं घेऊन आले आणि हळूच म्हणाले, “पोराचं औषध हाय, उघडू नका.” मामांनी ताबडतोब उसवलं. आत केस उगवायच्या तेलाच्या चार बाटल्या निघाल्या. ठेकेदारांच्या पोराला तिकडे टक्कल पडलंय ही बातमी तासाभरात साखऱ्याला, म्हणजे पोराच्या होणाऱ्या सासुरवाडीला पोचली. ठेकेदारांनी आमच्या घराकडे बघणं सोडलं. मामा म्हणाले, “तुटलं तर तुटू दे. तुझं जाणं महत्त्वाचं.”

दुसऱ्याचं एकही पुडकं त्यांनी बॅगेत राहू दिलं नाही. मग आमची उजळणी सुरू झाली. ते कस्टमवाले व्हायचे आणि मी प्रवासी.

“बॅग कोणी भरली?”

“मी भरली.”

“कोणाचं काय आणलं?”

“कोणाचंच नाही.”

“खाली काहून बघून राहिली? डोळ्यात बघून बोल. खरं बोलणारा माणूस पापणी हलवत न्हाई.”

खरं तर बॅग मामांनीच भरली होती, अगदी मोज्यांपर्यंत. सगळ्यात वर डबा ठेवला, मामीच्या डिंकाच्या लाडवांचा. मामी म्हणजे गावातलं लाडवांचं शेवटचं न्यायालय. लेकरू परमुलखात चाललं, हाडात ताकद राहावी म्हणून तिनं सढळ हातानं सगळं घातलं होतं. मामांनी प्रत्येक लाडवात दाभण घालून पाहिलं, दोन खाल्ले, आणि डब्यावर हात ठेवून म्हणाले, “यात नशेचं काय असंल तर तुझ्या मामीच्या हातची चव. क्लिअर!”

त्या लाडवांत वाटीभर खसखस होती.

आपल्याकडे खसखस म्हणजे रश्श्याला दाटपणा आणि अनारशाला रूप. मी जिथं उतरले तिथल्या कायद्यात ती अफूच्या झाडाचं बी होती, आणि अफूच्या झाडाचं बी आणणारा माणूस म्हणजे अंमली पदार्थ आणणारा माणूस. डबा उघडला गेला, आणखी दोन अधिकारी आले, आणि माझा पासपोर्ट टेबलाच्या पलीकडच्या बाजूला गेला. मला एका खोलीत नेलं. नोकरी, आई, विहारातली शाल, सगळं एकदम आठवलं. दुभाषी हैदराबादचा होता. त्याचा पहिला प्रश्न, बॅग कोणी भरली?

मी म्हटलं, मी. लाडू कोणी केले? तेही मीच म्हटलं. मामा-मामीचं नाव त्या कागदावर जाऊ द्यायचं नाही, एवढंच तेव्हा सुचलं. मग त्यानं कृती विचारली. मी जन्मात डिंकाचा लाडू वळला नव्हता. डिंक भिजत घालते म्हणाले, तूप नंतर ओतते म्हणाले. दुभाष्यानं पेन खाली ठेवलं. “बहन, ऐसा लड्डू बनाएगी तो ससुरालवाले दूसरे दिन वापस भेज देंगे.” त्या नऊ दिवसांत मी हसले असेन तर तेवढंच.

इकडे गावात बातमी आली तेव्हा मामा जेवत होते. ताटावरून उठले ते थेट ठाण्यात गेले. “मला धरा,” म्हणाले. “बॅग मी भरली, मी पास केली. पोरीचा काय बी गुन्हा न्हाई.”

तिथले जमादार भले गृहस्थ होते. ते म्हणाले, “मामा, खसखस आपल्याकडं किराणा दुकानात मिळती. कोणतं कलम लावू?”

“कलम तुमचं काम हाय. गुन्हा माझा हाय.”

“मुद्देमाल तरी पायजे का न्हाई?”

मामा घरी जाऊन त्याच लाडवांतले घरी उरलेले अकरा घेऊन आले. पंच म्हणून बोलावलेल्या दोघांनी चव पाहिली, जमादारांनी पाहिली, मग सगळ्यांचं एकमत झालं की असा लाडू करणाऱ्या घरात गुन्हा होणं शक्य नाही. मामा रिकामा डबा घेऊन परतले. आपल्या देशात आरोपी नाही म्हणत असला तर त्याला धरायची सोय आहे. जो स्वतःहून धरा म्हणतो त्याच्यासाठी मात्र कुठल्याच टेबलावर अर्ज नसतो.

मग त्यांनी मामीला समोर बसवून लाडवाची कृती लिहून घेतली. डिंक किती, खारीक किती, तूप कुठल्या म्हशीचं, खसखस भाजायची किती आणि कशासाठी. खाली आपला कबुलीजबाब जोडला, की बॅग आपणच भरली. हिंगोलीला एका वकिलाकडं जाऊन त्यावर नोटरीचा शिक्का घेतला. वकील म्हणाले, लाडवावर शिक्का मारायची माझी पहिलीच वेळ. पुढं उर्दू शाळेच्या मास्तरांनी जमेल तितकं अरबीत उतरवून दिलं. पाकीट मामांनी स्वतः बंद केलं. जप्त मालाच्या नमुन्यांची पाकिटं लाखबंद करायचं काम तीस वर्षं त्यांच्याकडे होतं. चहाव्यतिरिक्त तेवढं मात्र त्यांचं खरंच स्वतःचं. तिकडच्या भारतीय वकिलातीच्या नावानं सात शिक्क्यांचं ते पाकीट रजिस्टर पोस्टानं रवाना झालं.

नवव्या दिवशी तिकडच्या प्रयोगशाळेचा अहवाल आला, की डब्यात खाद्यपदार्थ आहे, दुसरं काही नाही. मला समज दिली आणि परत पाठवलं. सुटले, पण नोकरी गेली. नांदेडच्या स्टेशनवर मामा उभे होते. माझी बॅग त्यांनी उचलली नाही. म्हणाले, “पोरी, मी आयुष्यभर आत येणारा माल बघितला. भाईर जाणाऱ्याचं मला काय बी ठावं नव्हतं, अन् ठावं न्हाई हे बी ठावं नव्हतं.” मी बॅग उचलून चालू लागले. मला त्यांचा राग आला होता. खोटं कशाला सांगू? वर्षभर मी त्यांच्याशी नीट बोलले नाही. त्या वर्षात ते कुणाच्याही बॅगेला शिवले नाहीत. कोणी आलंच तर म्हणत, “मोबाईलवर बघा. माझ्याकडं फकस्त जुन्या गोष्टी हायत.” लग्नात लाडू मिळाला तर न फोडता खात. ते बघवत नसे. त्या न फोडलेल्या लाडवानंच माझा राग गेला.

पुढं मी नांदेडच्या एका दवाखान्यात लागले, आणि दोन वर्षांनी मामा माझ्याच वॉर्डात आले. किडन्या थकल्या होत्या. मामा गेले त्याच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट. सकाळी मामीनं मला जिन्यापाशी गाठलं आणि पिशवीतून एक पाकीट काढून दिलं. सात शिक्क्यांचं. एक शिक्का नेमका पत्त्यावरच बसला होता. देशाचं नाव तेवढं दिसत होतं, बाकी सगळं लाखेखाली. ते कुठंही पोचलं नव्हतं. परत आलं त्या दिवशीच तिनं ते डाळीच्या डब्यात लपवलं होतं. “त्यांना सांगू नगं माय,” एवढंच ती म्हणाली. पोचलं असतं तर काय झालं असतं, हे मी मामीला सांगितलं नाही. बॅग मीच भरली म्हणून मी सही केली होती, आणि मामांनी आपण भरली म्हणून; दोन्ही कागद समोरासमोर आले असते तर मी खोटी ठरले असते.

दुपारी मी मामांचं सलाइन बदलत होते. त्यांनी माझं मनगट धरलं.

“एक खरं सांग. माझा कागद तितं पोचला व्हता का?”

मी त्यांच्या डोळ्यात बघितलं. पापणी हलू दिली नाही. “पोचला होता, मामा. तो वाचूनच सोडलं मला.”

त्यांनी माझ्या पापण्या नीट तपासल्या. मग त्यांनी मनगट सोडलं आणि उशाशी बसलेल्या मामीकडे मान वळवली. “बघ,” ते म्हणाले, “तू म्हणत व्हतीस, तुपाचं कशाला लिहिता. तुपाचं लिहिलं म्हणून सुटली पोरगी.”

मामीनं पदरानं त्यांचं तोंड पुसलं आणि म्हणाली, “व्हय. तुमचंच बराबर व्हतं.”