झाकणातला नंबर

अकोल्यात संघपाल इंगळेला नीट बसलेला पाहिलेला माणूस शोधूनही सापडणार नाही. चहा तो उभ्यानंच पितो. जेवायला बसला तरी एक पाय दुमडलेला आणि दुसरा उठायच्या तयारीत. बोलताना खिशातला पेचकस बोटांनी फिरवत राहतो, त्यामुळे त्याच्या झाडून सगळ्या पँटींचे उजवे खिसे फाटलेले. ते शिवून शिवून बायको कंटाळली. शेवटी दीपमालानं आतून जाड कॅनव्हास लावून दिला, तोही आता विरत आलाय.

वय त्रेपन्न, धंदा प्रिंटर दुरुस्तीचा. पण नुसतं तेवढं सांगून भागत नाही. एका कॉम्प्युटर कंपनीचं नाव इंग्रजीत लांबलचक होतं आणि खोक्यावर हत्तीचं चित्र होतं. वऱ्हाडात तिला सगळे हत्तीछाप म्हणायचे. वीस वर्षांपूर्वी ही कंपनी कॉम्प्युटरबरोबर स्वतःचे प्रिंटरही विकायची आणि संघपाल तिचे प्रिंटर गावोगाव बसवत फिरायचा. मशीन बसली, पहिला कागद बाहेर आला, की तो वरचं झाकण उघडायचा, काळा मार्कर काढायचा आणि आतल्या बाजूला आपला मोबाइल नंबर लिहायचा. खाली तारीख. कंपनीनं त्याला असं काही करायला सांगितलेलं नव्हतं.

"कंपनी मुंबईले राहते, मी अकोल्याले राहतो," तो गिऱ्हाइकाला सांगायचा. "बंद पडली तं मले फोन करजा."

लोक खोक्यावरच्या हत्तीकडे बघून नव्हे, तर झाकणातल्या नंबराकडे बघून मशीन घ्यायचे. धारणीच्या आश्रमशाळेपासून दर्यापूरच्या तहसीलसमोरच्या दुकानांपर्यंत अशा एक्केचाळीस मशिनी झाल्या. एक्केचाळीस घरी त्याचा शब्द मुक्कामाला होता.

मग एक दिवस कंपनीचं एक पानाचं पत्र आलं. प्रिंटर बंद. यापुढे कंपनी फक्त कॉम्प्युटरवर लक्ष केंद्रित करणार होती. कंपन्यांना अधूनमधून असं लक्ष केंद्रित करावंसं वाटतं, आणि तेव्हा पायाखाली कोण आलं हे बघायला त्या वाकत नाहीत. सहा महिन्यांत सुटे भाग मिळेनासे झाले आणि संघपालचा फोन वाजायला लागला. मुंबईत कुणाचाच वाजला नाही, कारण तिथल्या कुणाचा नंबर झाकणात नव्हताच.

त्याच दिवसांत त्याच्या हातून एक गोष्ट घडली. ती त्यानं दीपमालालासुद्धा कधी सांगितली नाही. दर्यापूरला वच्छलाताईंचं फॉर्म भरायचं दुकान होतं. नवरा गेल्यावर त्यांनी संघपालच्या शब्दावर मशीन घेतली होती, आणि त्या मशीनवर त्यांचं घर चालायचं. दुरुस्तीला गेला असताना त्या पाणी आणायला आत गेल्या. संघपालनं झाकण उघडलं, चिंधीवर थिनर ओतलं आणि आपला नंबर पुसायला लागला. का, तर वैताग. एक्केचाळीस जणांना तोंड देऊन तो थकला होता आणि त्याला पळून जायचं होतं. पण चार वर्षं मुरलेली शाई काही निघेना. नंबर तेवढा राखाडी झाला. पाण्याचा तांब्या घेऊन वच्छलाताई बाहेर आल्या तेव्हा त्यानं घाईघाईनं झाकण लावलं.

दुसऱ्याच दिवशी त्यांचा फोन आला, कागद अडकलाय म्हणून. संघपाल मुकाट्यानं दर्यापूरला गेला. तो पोचेपर्यंत मशीन आपोआप सुरू झाली होती. पण त्या दिवसापासून तो थांबला नाही. मेलेल्या मशिनी गोळा करायच्या, त्यांच्यातली चाकं काढून जित्या मशिनींना लावायची, असं त्यानं पंधरा वर्षं केलं. घरातली एक खोली मेलेल्या मशिनींनी भरली. एक्केचाळीसपैकी अकरा आजही चालतात. त्याचे गुडघे मात्र चालत नाहीत.

आणि मागच्या महिन्यात कंपनीचा फोन आला. पुन्हा स्वतःचे प्रिंटर विकायला काढावेत का, याचा कंपनी विचार करत होती. अमरावतीला विक्रेत्यांची बैठक होती. फोनवरची मुलगी, गीतांजली नाव, म्हणाली, "काका, तुम्ही यायलाच पाहिजे. तुमची मशीन अजून चालते हे मीच साहेबांना सांगितलं." मशिनी निघाल्या तर पाच जिल्ह्यांच्या दुरुस्तीचा प्रमुख म्हणून संघपालला घ्यायचं, असं साहेबांच्या मनात होतं. पक्की नोकरी. टेबल, खुर्ची, हाताखाली माणसं.

त्या फोननंतर संघपाल आणखीच बिघडला. घरातल्या घरात येरझाऱ्या घालायचा, सुरू पंखा बंद करायचा आणि बंद पंखा सुरू.

"अवो, एका जागी बसा ना," दीपमाला म्हणाली. "कंपनीले हाव म्हना अन् मोकळे व्हा. किती वर्षं भंगार उपसून राहिले तुमी?"

"हाव म्हनाले काय लागते?" तो म्हणाला. "मी हाव म्हनलो की लोक घेतीन. मंग कंपनी पुना पळाली तं?"

"तवाचं तवा पाहू."

"तवाचं तवा मलेच पाहा लागते, दीपा."

त्याला नोकरी हवी होती, हे तिला ठाऊक होतं आणि त्यालाही. बैठकीच्या दिवशी, बुधवारी सकाळी, ती त्याचा पांढरा शर्ट इस्त्री करत असताना तो मनाशी ठरवून मोकळा झाला होता: हो म्हणायचं. पुढं जे होईल ते होईल.

अमरावतीच्या गाडीत मूर्तिजापूर यायच्या आत फोन वाजला. वच्छलाताई.

"भाऊ, मशीन कागदच ओढून नाई राहिली. फॉर्मची उद्या शेवटची तारीख हाये."

"आज अमरावतीले चाललो, ताई. तीन-चार वाजेपर्यंत येतो."

"या सावकाश," त्या म्हणाल्या, आणि त्या सावकाश शब्दानंच त्याचा जीव खाली-वर व्हायला लागला.

बैठक बडनेरा रोडवरच्या एका हॉटेलात होती. थंडगार हॉल, पडद्यावर हत्ती आणि हत्तीखाली प्रश्न: आपण प्रिंटरमध्ये परत यावं का? मुंबईहून आलेले साहेब गोड बोलत होते. विक्रेते एकामागून एक उठून "या, जरूर या" म्हणत होते. मागून पनीरचा वास येत होता, आणि अशा वासात कुणी कुणाला येऊ नका म्हणत नसतं. संघपाल भिंतीला टेकून उभा होता. खुर्ची दिली होती, पण ती त्याच्या कामाची नव्हती.

समोर टेबलावर नवी मशीन ठेवली होती. दिसायला देखणी, वजनाला हलकी. त्याला राहवलं नाही. तो पुढं गेला आणि सवयीनं झाकण उघडलं. आतली बाजू पांढरीशुभ्र होती आणि नंबर लिहायला भरपूर जागा होती. त्याचा हात आपोआप वरच्या खिशातल्या मार्करकडे गेला, आणि तिथंच त्याचं सकाळचं ठरवलेलं सगळं डळमळलं.

"साहेब, याचे पार्ट किती वर्षं भेटतीन?" त्यानं विचारलं.

"उत्तम प्रश्न! आमचा पूर्ण सपोर्ट राहील."

"किती वर्षं?"

"ते बाजाराच्या प्रतिसादावर अवलंबून आहे, इंगळेजी."

"मागच्या बारीनं बी तसंच होतं," संघपाल म्हणाला. त्यानं मार्करचं टोपण काढलं आणि मार्कर साहेबांपुढं धरला. "मंग असं करा. याच्यात तुमचा नंबर लिहा."

साहेब हसले. "टोल-फ्री नंबर मागे छापलेलाच आहे."

"तो नाई. तुमचा. तुमच्या खिशातल्या फोनचा."

साहेबांनी मार्कर घेतला नाही. पाण्याची बाटली उचलली, घोट घेतला, पुन्हा खाली ठेवली. तेवढ्यात कोपऱ्यातून एक मुलगी उठून आली. पंचविशीची असेल, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. तिनं संघपालच्या हातून मार्कर घेतला आणि भराभर दहा आकडे लिहिले. खाली तारीख घातली.

"मी गीतांजली," ती म्हणाली. "बाबा धारणीच्या आश्रमशाळेत शिक्षक होते, काका. तुमचा नंबर आम्ही पोरं पाढ्यासारखा पाठ म्हणायचो. आता माझाही लिहिला. कुणाची मशीन बंद पडली तर मला फोन करू द्या."

टाळ्या पडल्या. विक्रेत्यांनी, साहेबांनी, सगळ्यांनी वाजवल्या. साहेब तर इतके खूश झाले की म्हणाले, "हीच आपली जाहिरात! एक जुना नंबर, एक नवा नंबर!"

संघपालनं टाळ्या वाजवल्या नाहीत. तो त्या आकड्यांकडे बघत राहिला. शाई अजून ओली होती. पोरगी मनापासून बोलली होती, यात शंकाच नव्हती. तोही मनापासूनच बोलला होता, एक्केचाळीस वेळा. उद्या वरून एक पान आलं की साहेब दुसऱ्या कंपनीत जातील, आणि ही पोरगी घरी जेवायला बसली असताना दर्यापूरहून, धारणीहून, अचलपूरहून फोन येत राहतील. तिचं लग्न होईल, लेकरं होतील, फोन येतच राहतील. मग एक दिवस तीही कुणाचं लक्ष नसताना चिंधी काढेल.

त्यानं खांद्यावरच्या दुरुस्तीच्या पिशवीतून थिनरची बाटली काढली, चिंधी ओली केली आणि नंबर पुसून टाकला. ताजी शाई होती, एका हातात निघाली.

"काका!" गीतांजली कळवळून म्हणाली.

"तू चांगली हायेस म्हनून पुसून राहिलो, बाई," संघपाल म्हणाला. मग तो साहेबांकडे वळला. "तुमी इचारलं ना, परत याव का म्हनून? या. पन पार्ट किती वर्षं देनार ते खोक्यावर छापा, हत्तीच्या खाली, कंपनीच्या सहीनं. दहा म्हना, बारा म्हना, पन छापा. छापत नसान तं येऊ नोका. या पोरीच्या नंबरावर माल खपवू नोका. अन् माह्याबी नोको."

"आम्ही नक्की विचार करू," साहेब म्हणाले. ज्या सुरात ते म्हणाले त्यावरून टेबल, खुर्ची आणि हाताखालची माणसं कुठं गेली हे संघपालला कळून चुकलं. जेवायला तो थांबला नाही. बसस्टँडवर दर्यापूरची गाडी लागलेली होती, पण ती हलेपर्यंत त्यानं फलाटावर किती फेऱ्या मारल्या ते त्यालाही सांगता आलं नसतं. दीपमालाला काय सांगायचं? आपण शहाणपणा केला की मूर्खपणा? एका चिंधीच्या फटक्यात म्हातारपणाची सोय पुसून टाकली होती त्यानं.

दर्यापूरला पोचला तेव्हा दुकानात फॉर्मवाल्यांची गर्दी होती. वच्छलाताई आता पन्नाशीच्या, डोळ्यांवर चष्मा. संघपालनं मशीन उघडली. कागद ओढणारं एक चाक झिजलं होतं. पिशवीतलं जुनं चाक बसवलं, आणि कागद सरसर बाहेर यायला लागले. फॉर्मवाले सह्या करून एकेक करत निघून गेले, दुकान रिकामं झालं.

"भाऊ, हत्तीछाप पुना येऊन राहिली म्हनते," वच्छलाताई म्हणाल्या. "हे मशीन थकली आता. तुमी म्हनसान तं नवी घेतो. घेऊ का?"

सकाळी हेच कुणी विचारलं असतं तर त्याचं उत्तर तयार होतं.

"नोको, ताई. अजून नोको. खोक्यावर वर्षं छापली तं घ्या. नाई तं दुसऱ्या कंपनीची घ्या, मी बसवून देतो." आणि मग बांध फुटल्यासारखा तो बोलत सुटला. बैठक, पोरगी, गेलेली नोकरी, सगळं सांगितलं. शेवटी झाकणातल्या त्या राखाडी आकड्यांवर बोट ठेवलं. "हेबी सांगतो. हा नंबर मीच पुसाले पाहिला होता. तुमी पानी आनाले गेल्या होत्या तवा. मले पळून जाचं होतं."

वच्छलाताईंनी चष्मा काढून पदरानं पुसला.

"मालूम हाये मले. थिनरचा वास दुकानात दोन दिवस होता."

"मंग बोलल्या काहून नाई?"

"बोलून काय करू? दुसऱ्या दिवशी फोन केला ना तुमाले."

"तो कागद अडकला म्हनून..."

"कागद नव्हता अडकला, भाऊ. मशीन चांगली चालू होती. तुमी उचलता का नाई, ते पाहाचं होतं."

संघपाल खिशातला पेचकस फिरवायचा विसरला. मग त्यानं मार्कर काढला, झाकण उघडून धरलं आणि राखाडी आकड्यांवरून एकेक आकडा पुन्हा काळा केला. खाली आजची तारीख घातली.