सुधाकरच्या हाका आणि आमचे हात

माझा मित्र सुधाकर गेल्याचा फोन आला तेव्हा मी अमरावतीच्या बसस्टँडवर अकोल्याच्याच गाडीची वाट बघत होतो. निघालो होतो त्याच्याकडेच. अकोटच्या बाजारात पूर्वी लिलाव पुकारणाऱ्या एका म्हाताऱ्याची हाक त्याला नव्यानं मिळाली होती. फोनवर ऐकव म्हटलं तर म्हणाला, "येऊन आयक. फोनवर आवाजाचा जीव जाते." ... पोचलो तेव्हा त्याला बाहेरच्या खोलीत ठेवलं होतं.

त्याला हाकांचा नाद होता. शाळेतली मास्तरकी सांभाळून तो सुट्टीच्या दिवशी एसटीनं गावोगाव हिंडायचा आणि माणसं हाका कशा मारतात ते रेकॉर्ड करायचा. पेरणीच्या तिफनीच्या बैलांना वळवायची हाक, पाखरं हुसकायची, शेंदूरजनाघाटच्या बागेत संत्री तोडणाऱ्यांची, या वावरातून त्या वावरात 'भाकर आली' म्हणून सांगायची. बैल गेले, हाका मारणारेही बरेच गेले. आवाज उरले ते एका हार्ड डिस्कवर. एकाच! दुसरी प्रत काढ म्हणून मी कानीकपाळी ओरडलो. त्याचं उत्तर ठरलेलं, "एकीतच सापडत नाही राजा, दोनीत कुठं शोधू?" बियाणं राखेत घोळून दोन ठिकाणी ठेवणाऱ्या घरातला हा माणूस! मला त्याचा आजही राग येतो.

त्याला ठेवायला खोली मोकळी करताना कुणीतरी टेबल ओढलं आणि डिस्क फरशीवर पडली. त्यात कुणाचा दोष नाही. राग आहे तो पुढच्या प्रकाराचा. पेपरात द्यायला फोटो हवा म्हणून त्याच्या साळ्यानं, भास्करनं, ती लॅपटॉपला लावली. आतून नुसती टकटक. म्हणून पुन्हा लावली. मी ओरडलो, पुण्यात अशा डिस्कमधून माहिती काढून देणाऱ्या माणसाला फोन केला आणि तो म्हणाला ते सगळ्यांना बजावलं. आता लावायची नाही, दर वेळी आतला काटा तबकडी ओरबाडतो. चंदेरी पिशवीत घाला, फोममध्ये गुंडाळा, कोरड्या डब्यात ठेवा. ऊन नको, ओल नको. मी घेऊनच निघालो होतो, पण तेरवीपर्यंत त्याची वस्तू घराबाहेर जाऊ नये असं वडीलधाऱ्यांचं म्हणणं पडलं. सगळ्यांनी माना डोलावल्या.

तेरवीला गेलो तर डिस्क कूलरसमोर, ओल्या फडक्यावर! "लावली का लय तापते नं भाऊ," भास्कर म्हणाला, "म्हून थंडाव्याले ठेवली." लावली का! म्हणजे लावणं चालूच होतं. भेटायला आलेला एकेक पाहुणा 'पाहू बरं' म्हणत हात आजमावून गेला होता. एकानं तर रात्रभर फ्रीजमध्ये ठेवायचाही सल्ला दिला होता. आपल्याकडे बिघडलेल्या वस्तूला स्वस्थ पडू देणं म्हणजे निष्काळजीपणा समजतात. काही येत नसलं तरी करून पाहायचंच!

मी पंगतीतूनच तोंड सोडलं. "एवढं सांगून लावताच कावून? कोन लावते रे?"

आतून सुधाकरच्या बायकोचा, वहिनींचा आवाज आला. "म्याच लावली भाऊजी. रोज दुपारी." मग म्हणाल्या, "दर फायलीत पयले त्यायचाच आवाज हाये नं. 'मी सुधाकर, गाव कौंडण्यपूर, बोला आजी...' मले वाटे, एखाद्या वेळी लागन."

माझा राग ओसरला नाही, पण तो काढावा कुणावर ते कळेना. तरी बोललोच. "वहिनी, आता एकदा जरी लावली तर थोही आवाज जाईन."

निघताना त्यांनी डिस्क कोरड्या फडक्यानं पुसून माझ्या हातात दिली. "घेऊन जा. इथं राहिली तं माह्यानं राहवनार नाई."

आता पुण्याला पाठवेपर्यंत ती माझ्या कपाटात आहे, सांगितल्याप्रमाणे बांधलेली. आणि रोज दुपारी वहिनींचा फोन, तोही दरडावून, "कोनाले हात नाई नं लावू देल्ला?"

परवा पुण्याच्या त्या माणसानं फोनवर विचारलं, "सगळं निघेलच असं नाही. आधी काय शोधू?" बैलांच्या हाका, असं सांगायला हवं होतं. त्या आता कुणी मारत नाही. सुधाकरनं तेच सांगितलं असतं आणि माझं उत्तर ऐकून तो माझ्यावर चिडलाही असता. चिडू दे.

मी म्हणालो, "दर फाइलच्या सुरुवातीला एक माणूस आपलं नाव सांगतो. तो आधी काढा."